गिरजाबाईची मेणबत्ती

मुलगा प्रसेनजित नेहरू नगरातल्या ऑफिसात मोबाइलचे खेळ बनवी. नवा खेळ निघाला की गिरजाबाई बुद्धापुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणायची. आगगाडीचा खेळ, लेकरांच्या पाढ्यांचा खेळ, त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग पैसे लावून खेळायचे पत्ते काढले, ते घरोघरी पोचले. तिच्याच हाताखाली वाढलेला, रसमडा गावच्या कारखान्यात कामाला जाणारा भाचा धर्मेंद्र त्यात पगार घालवत गेला आणि शेवटी रुळावर जाऊन निजला.

महिनाही झाला नव्हता. प्रसेनजित म्हणाला, "आई, पत्त्याचा नवा गेम आला. मेणबत्ती लाव न."

तिनं लावली, पण धर्मेंद्रच्या फोटोपुढे.

"तिकडे कावून?"

"बुद्धापुढे कोणत्या तोंडानं जाऊ? मागच्या पत्त्याच्या गेमचीही मीच लावली होती, बाबू."