रिकाम्या फोल्डरची प्रत

३ फेब्रुवारी २०१५. मृत सात.

सहा जण पॅकिंग विभागातले, सातवा बॉयलरवरचा. हे टिपण त्या सातव्याच्या मेव्हण्याविषयी आहे. तो जिवंत आहे. चौकशी अहवालात त्याच्या वाट्याला दीड ओळ आली आहे.

कारखान्यात त्याला पोस्टमन म्हणत. तो नोंद-कक्षातला कारकून. अकरा वर्षे रोज साडेपाच वाजता तो दिवसभराच्या नोंदी दुसऱ्या शहरातल्या मुख्य कार्यालयाच्या संगणकावर पाठवी: दर दहा मिनिटांचा दाब, आणि बॉयलरवरून फोनने आलेल्या तक्रारी. वाट कुलूपबंद होती. फाइल निघतानाच सांकेतिक रूप घेई आणि पलीकडे पोचल्यावरच उलगडे. किल्ली त्याच्या एकट्याकडे. संगणकाला द्यायच्या या आज्ञेच्या शेवटी मुख्य कार्यालयाने एक अट जोडायला लावली होती: जे इथे नाही, ते तिथूनही काढून टाकावे. तिकडे पसारा साचू नये, एवढाच तिचा हेतू. त्या संगणकाची आणखी एक प्रत ठेवावी, असा अर्ज त्याने केला होता. तो खर्चाचे कारण देऊन नामंजूर झाला.

जानेवारीत जेवणाच्या सुट्टीत बॉयलरवाला त्याच्या खिडकीशी आला.

"काय पोस्टमन, पोचली का आमची तक्रार? का वाटेत कोणी उघडून वाचली?"

"वाटेत कोणाच्या बापालाही वाचता येत नाही."

"आणि पोचल्यावर?"

"पोचल्यावर कोणी वाचत नाही."

दोघेही हसले. तक्रार अशी होती की सुरक्षा झडप अडकते. ती तीनदा नोंदवली गेली, तिन्ही वेळा याच्याच हातून.

३ फेब्रुवारीला बॉयलरच्या स्फोटात नोंद-कक्ष जळाला, संगणकासकट. कंपनीने कळवले की झडपेबद्दल कुणीच काही सांगितले नव्हते. दोष बॉयलरवरच्या माणसाचा. चौकशी अधिकाऱ्याने महिन्याभराच्या नोंदी मागवल्या. त्या आता एकाच ठिकाणी उरल्या होत्या, दूरच्या त्या संगणकावर. पोस्टमनच्या बहिणीची सगळी भिस्त त्यांच्यावर होती.

सहाव्या दिवशी त्याला बोलावणे आले. तात्पुरत्या खोलीत नवा संगणक मांडला होता. खुर्चीवरचे प्लास्टिक अजून काढलेले नव्हते. "तुझ्याशिवाय हे येतंय कोणाला? तेवढं उतरवून घे," साहेब म्हणाले आणि गेले. त्याने जुन्याच नावाचा रिकामा फोल्डर केला, घरी ठेवलेली राखीव किल्ली बसवली. मग त्याच्या बोटांनी अकरा वर्षांची आज्ञा टंकली, शेवटच्या अटीसह: इथून तिकडे. पडद्यावर फाइलींची नावे भराभर सरकू लागली. नोंदी येत आहेत असे त्याला वाटले. प्रत्येक नावाआधी 'काढली' असा शब्द होता. तो त्याने पाहिला, वाचला नाही. चार मिनिटांत काम संपले. दोन्हीकडचे फोल्डर अगदी सारखे झाले होते, दोन्ही रिकामे.

त्याने साहेबांना सांगितले, लेखी जबाब दिला, आणि संध्याकाळी बहिणीकडे गेला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने उभ्यानेच सगळे सांगितले.

"मुद्दाम केलंस का, दादा?"

"नाही."

"मग चोरीला गेलं म्हणून सांग. तुझी नोकरी तरी राहील."

"त्या वाटेवर चोरी होऊच शकत नाही."

तिने हातातली घडी पुरी केली. "कुलूप फार चांगलं होतं रे तुझं," ती म्हणाली. "बस. उभा का?"

तो बसला. त्याला रडू आले नाही. आपल्याला ते यायला हवे होते, एवढे मात्र कळत होते.

आपण यंत्रणेला सुरक्षित म्हणतो तेव्हा कोणापासून, हे क्वचितच विचारतो. या वाटेवर परक्याचा हात कधीच पडला नाही. तिने एक रिकामा फोल्डर, त्यात तिळमात्र बदल होऊ न देता, पोचवला. शोकात असलेल्या माणसाला सहाव्या दिवशी एकट्याने तिथे बसवणे ही कोणाची चूक, हा प्रश्न अहवालात नाही. तीन तक्रारी आपण स्वतः टंकल्या होत्या, असे त्याने तोंडी सांगितले. मृताचा मेव्हणा म्हणून ती साक्ष ग्राह्य धरली गेली नाही. लेखी पुराव्याअभावी दोष बॉयलरवरच्या माणसाकडे राहिला.

पोस्टमन अजून त्याच कारखान्यात आहे, भांडारात. संगणकाला हात लावत नाही.

सहा कुटुंबांना भरपाई मिळाली. सातव्या कुटुंबाची, म्हणजे त्याच्या बहिणीची, अद्याप दिलेली नाही.