नावं नसलेली पत्रिका

“नावंच घालू नका, अक्का. नुसती इंग्रजी छापा,” शिवराज अण्णा म्हणाले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

शिवराज अण्णा जवळच्या निर्णा गावचे. त्यांची पल्लवी बेंगळुरूला कंपनीत आहे, तिचं लग्न ठरलं होतं. पत्रिकेचा मजकूर तिनंच पाठवला होता. ‘टुगेदर विथ देअर फॅमिलीज’, मग मुलगी, मुलगा, तारीख, हॉल. चार ओळींत लग्न आटोपलं.

हुमनाबादेत माझी प्रेस आहे. तीस वर्षं झाली, लग्नपत्रिकाच जास्त छापते. आमच्याकडची पत्रिका म्हणजे नावांची जत्रा. वर कुलदैवत, मग वडीलधारे, मग वधू-वर. खाली ‘आपले नम्र’, ‘स्नेहांकित’, ‘कार्यवाहक’. अगदी तळाला ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी, अजून बोलताही न येणारी पोरं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, त्यामुळे कुणाचं नाव कुणाच्या आधी हे भांडणही दोन भाषांत होतं. अशा गावचा माणूस नावं नकोत म्हणाला तर मला चमकायला होणारच.

“कामून?” मी विचारलं.

“मराठीत छापली तर अप्पाचं नाव घालावं लागतंय. न्हाई घातलं तर गाव विचारतंय. ही इंग्रजी बरी हाय. फॅमिलीज म्हटलं की सगळे आले, अन् कुणाचंच नाव न्हाई.”

अप्पा म्हणजे भीमराव अप्पा, त्यांचे थोरले भाऊ. आठ वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. कारण अख्ख्या निर्ण्याला माहीत होतं. अप्पांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत शिवराज अण्णांचं नाव नव्हतं. ते त्या लग्नाला गेलेच नाहीत.

ती पत्रिका माझ्या प्रेसमध्ये छापली होती.

“बसा, कार्डं बघा. चहा सांगते,” मी म्हणाले.

ते नमुन्याची कार्डं चाळत बसले. बाहेर ऊन उभं होतं, पंखा गरगरत होता. समोरच्या भिंतीशी जुन्या खिळ्यांची पेटी आहे. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. पूर्वी ती एकेक वेचून ओळ जुळवायची. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे इंग्रजी मी उलटीकडून शिकले. ‘अँड’ आणि ‘विथ’ इतके लागायचे, की ते जुळवून, दोऱ्यानं बांधून एका वेगळ्या खणात ठेवलेले असायचे. अजून आहेत. तो खण उघडला की मला उगाच माणसं आठवतात.

तेव्हा एक मास्तर इंग्रजी तपासून द्यायला यायचे. ते म्हणायचे, “हे सगळे जोडायचे शब्द हायत, पर पंगत बघून वापरा. अँड म्हणजे दोघं शेजारी पाटावर. अलाँग विथ म्हणजे एक पाटावर, दुसरा त्याच्यासंगं आलेला. अ‍ॅज वेल अ‍ॅज म्हणजे, अरे, हा बी हाय की!” व्याकरणात हे कितपत बसतं देव जाणे. माझं काम त्यावर आजवर भागलं.

पंख्याखाली डोळे जड झाले आणि ती पंगत मला दिसायला लागली. लांबच लांब ओसरी, पाट मांडलेले, पानं वाढलेली. माणसं येत होती, बसत होती. अँड, अँड, विथ, अँड. मधला एकच पाट रिकामा होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मला फार लाज वाटली. जागी झाल्यावरही वाटली.

कारण तो पाट मी उचलला होता.

आठ वर्षांपूर्वी अप्पा प्रूफ बघायला आले होते. प्रूफ म्हणजे छापण्याआधी गिऱ्हाइकाला तपासायला द्यायचा कागद. शिवराज अण्णांचं नाव खाली कार्यवाहकांत होतं. अप्पांनी त्याला पेन्सिलनं बाण काढला आणि शेजारी लिहिलं, ‘शिवराजचं नाव वर घ्या. माझ्याजवळ.’ मी कॉम्प्युटरवर ते नाव खालून कट केलं. तेवढ्यात फोन आला. बोलून झाल्यावर मी भलतंच काम हातात घेतलं, आणि वर पेस्ट करायचं राहिलं. पत्रिका तशाच छापल्या गेल्या.

पत्रिकेत माणूस आधी स्वतःचं नाव शोधतो. अप्पांना त्यांचं सापडलं, पुढं त्यांनी वाचलं नाही. शिवराज अण्णांना सापडलं नाही. आणि माझं नाव का नाही, असं स्वतःच्या तोंडानं विचारायला कोण जातं?

महिन्याभरानं जुनी प्रूफं तारेत ओवताना मला चूक दिसली. तोवर भावाभावांत फाटलं होतं. मी प्रूफ ओवलं आणि गप्प बसले. प्रेसची अब्रू जाईल म्हणून. खोटं कशाला सांगू, तेवढंच कारण होतं. तीन वर्षांपूर्वी अप्पांची बायको गेली. आई लवकर गेल्यानं शिवराज अण्णांना त्या वहिनीनंच वाढवलं होतं. ते मातीला आले आणि घरात पाय न ठेवता परत गेले. तेव्हाही मी गप्पच होते.

चहा आला. मी उठले, माळ्यावरची तार काढली, धूळ झटकली. प्रूफ हाताला लागलं. ते शिवराज अण्णांपुढे ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला. कागद वरून खालपर्यंत वाचला. मग पेन्सिलच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे अप्पाचं अक्षर.”

“व्हय.”

“मग नाव कामून आलं न्हाई?”

“माझी चूक, अण्णा. खालून काढलं अन् वर घालायचं राहिलं.”

“तुमाला कवा कळलं?”

“तवाच. एका महिन्यात.”

“म्हंजे वैनी गेली तवा ठावं व्हतं तुमाला?”

मी मान डोलावली. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि चहा तसाच टाकून निघून गेले. काम गेलं, हे मी धरून चालले. कामाचं एवढं वाटलं नाही. तो भरलेला कप उचलताना मात्र रडू आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात दोन माणसं उभी राहिली. पुढे भीमराव अप्पा, मागे शिवराज अण्णा. अप्पा बरेच थकलेले दिसले. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

“मराठी छापा, कन्नड छापा. सगळी नावं घाला,” शिवराज अण्णा म्हणाले. “इंग्रजी बी राहू द्या. पोरीची हौस हाय. त्यात खाली आमची दोघांची नावं.”

मी पल्लवीच्या चार ओळींखाली टाइप केलं. भीमराव अँड शिवराज. मास्तरांची आठवण झाली. अप्पांनी स्क्रीनजवळ वाकून दोन्ही नावांवरून बोट फिरवलं, खात्री करावी तसं.

“अप्पा, माझं चुकलं,” मी म्हणाले. “तुमच्यात एवढं वितुष्ट आलं ते...”

“थांबा,” अप्पा म्हणाले. “नाव न्हाई हे मला लग्नानंतर कळलं व्हतं.”

शिवराज अण्णा वळून बघायला लागले. “कळलं व्हतं? मग बोललास कामून न्हाई?”

“मला वाटलं, माझ्या पोरानं काढलं. त्याचं अन् तुझं त्या वक्ताला पटत नव्हतं. पोराला पुढं कसं करू? म्हणून गप बसलो. पोराला बी इचारलं न्हाई. आठ वर्सं त्याच्यासंगं जेवायलोय, अन् मनात हेच.”

पंखा फिरत होता. अप्पांनी टोपी नीट केली.

“चल शिवराज. आधी पोराकडं जायाचं हाय.”

पत्रिका वेळेत छापून दिल्या. मी लग्नाला गेले, जेवले. अप्पांचा मुलगा वाढत होता. तो माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं.

तेव्हापासून मी नाव कट करत नाही. आधी कॉपी करते, नव्या जागी पेस्ट करते, नीट वाचते, मगच जुन्या जागचं पुसते. तेवढा वेळ माणूस दोन्हीकडे राहतो. राहू दे.