नानांच्या बंदुकीची गार

जळगाव स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या पर्समध्ये चामड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला गारगोटीचा एक दगड होता. नानांनी तो पुण्याला कुरियरने पाठवला होता आणि सोबत चिठ्ठी होती, 'अशीच गार आण. तीन दिवसांत.' अशा चिठ्ठीवर रजा टाकून निघणारी बाई घरात मी एकटीच, त्यामुळे वाद झाला नाही.

नाना माझे मामा. पारोळ्याजवळच्या त्यांच्या गावात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बारागाड्या ओढतात. एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, त्यांवर माणसं लगडलेली, बैल एकही नाही. पुढे एकटा भगत. बंदूक वाजल्याशिवाय भगत हलत नाही, आणि बंदुकीचा मान नानांच्या घराचा. बंदूक परवान्याची, पण चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गार बसवायची, चाप ओढला की ती समोरच्या पोलादी पट्टीवर आपटते, ठिणगी खालच्या रंजकीत (बारीक दारूत) पडते आणि बार होतो.

गेल्या वर्षी झाला नाही. सात वेळा चाप ओढला, सातही वेळा नुसतं 'टक्'. शेवटी कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला, गाड्या निघाल्या आणि देवळाच्या उतारावर गावातल्या एका जावयाचा पाय चाकाखाली गेला. तो अजून काठी घेऊन चालतो. गावाने दोष नानांना दिला. नानांनी तो गावापेक्षाही जास्त मनाला लावून घेतला. फोनवर एकच वाक्य, "मना हातमा काही पाप शे." यंदाही बार झाला नाही तर मान दुसऱ्या घराला जायचा होता. पंचांनी तसं सांगून ठेवलं होतं.

जळगावात गार विकत घेणं सोपं असेल असं मला का वाटलं, देव जाणे. इथे सोनं मिळतं, डाळ मिळते, केळी मिळतात. बंदुकीची गार म्हटल्यावर दुकानदार माझ्याकडे संशयाने पाहायला लागले. शेवटी अंगठ्यांचे खडे विकणाऱ्या एकाने दोन अकीक पुढे ठेवले. मशीनवर कापलेले, मधासारखे पारदर्शक, हात लावला तरी निसटतील इतके गुळगुळीत. "ताई, यापेक्षा कडक दगड नाही," तो म्हणाला. मी घेतले. आनंदाने शेवभाजी मागवली आणि पहिल्याच घासाला ठसका लागून डोळ्यांतून पाणी काढलं.

दगड बंदुकीला चालेल का याची खात्री करायला त्याच दुकानदाराने वरणगावचा पत्ता दिला. तिथे दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका जुन्या बंदुकांचे शौकीन होते. वाटेत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. बाहेर अंग भाजत होतं आणि आत हिरवा गारवा दिसत होता, पण माझं लक्ष पर्सकडे. काकांनी माझे अकीक एका जुन्या कानशीवर आपटले. ठिणगी नाही. पुन्हा आपटले. एक धूसर ठिपका उडाला आणि विझला.

"कापलेला दगड शोभेचा," ते म्हणाले. "गार फोडलेली पाहिजे. फुटताना जी धार येते ती मशीन देत नाही."

मग त्यांनी मला पारख शिकवली. गार उन्हात धरायची. कडेतून उजेड यायला हवा, आत पांढरे डाग किंवा चीर नको. दुसऱ्या दगडावर टिचकी मारायची. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत तडा. धार सरळ आणि पट्टीच्या रुंदीएवढी, पोट सपाट, म्हणजे जबड्यात डगमगत नाही. नानांची जुनी गार त्यांनी बराच वेळ फिरवून पाहिली. "हिची धार गेलेली दिसत नाही," ते पुटपुटले, "बंदूक बघितली असती तर कळलं असतं." पण परवाना नानांच्या नावावर, मी बंदूक घेऊन कशी फिरणार? त्यांनी शिरपूरच्या पुढचा आठवडे बाजार सुचवला. तिथे मेंढपाळ अजून चकमकीवर बिडी पेटवतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालेली धुळ्याची एसटी नानांच्या गावच्या फाट्यावरून गेली. नाना तिथे उभे होते. मी कळवलं नव्हतं, ते बहुतेक रोजच येऊन उभे राहत असावेत. धोतर, डोक्यावर टॉवेल, प्रत्येक गाडीकडे मान. मी खिडकीतून हाक मारली, ती इंजिनात विरून गेली. मला रडू आलं. शेजारच्या अक्कांनी काही न विचारता कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा पुढे केला. मी रडत रडत खाल्ला.

सातपुड्याच्या पायथ्याशी बाजारात लाल पागोट्याचे एक आबा मेंढ्या बांधलेल्या दोरीजवळ बसले होते. कमरेला बटवा, त्यात गार, पोलाद आणि सावरीचा कापूस. माझी हकिगत ऐकून त्यांनी बटव्यातल्या पाच-सहा गारा मांडल्या. मी काकांसारखी उन्हात धरून पाहायला गेले आणि बोट कापून घेतलं. हसत त्यांनी त्यावर हळद दाबली. मी तीन गारा निवडल्या. मग नमुना म्हणून जुनी गार दाखवली.

त्यांनी ती नाकाशी नेली. धोतराच्या सोग्याला घासून स्वच्छ केली आणि आपल्या पोलादावर मारली. कापसावर ठिणग्यांचा सडा पडला.

"हाई गार चांगली शे, माय. हिले तेल लागेल शे. तेल लागेल गारले ठिणगी कशी पडी? मी दररोज पुसस. पोलाद बी पुसस."

मला नानांचं परसदार आठवलं. आखाजीची सकाळ, भांड्यांचा ढीग, आणि त्यात ताटल्यांच्या बरोबरीने मामी बंदुकीची ती पट्टी राखेने घासते आहे. मी आठ-नऊ वर्षांची. मी विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, "तेल लागेल ऱ्हास, बेटा." मामी जाऊन दीड वर्ष झालं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी मी गावात पोहोचले. बंदूक देव्हाऱ्यापुढे पाटावर होती, पट्टीवर शेंदराचा आणि तेलाचा जाड थर.

"नाना, ही पट्टी कोण पुसतं?"

"पुसाले काय? देव शे तो," नाना म्हणाले. "तुनी मामी लावे तसं मी तेल लावस. ती गयी तवपाशीन जास्तच लावस."

मामी आखाजीच्या सकाळी हीच पट्टी राखेने घासून तेल काढायची, हे मी सांगितलं. मी चुलीतली राख घेऊन पट्टी घासली, पोलाद चमकलं. नानांनी जुनीच गार जबड्यात बसवली, दारू न घालता चाप ओढला. ठिणग्यांनी त्यांचा हात उजळला. नाना खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी आणलेल्या गारांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच चापाला बार झाला. भगत हलला, गाड्या सुखरूप गेल्या, लोकांनी नानांना खांद्यावर घेतलं. त्या गर्दीत काठीवाला जावईही होता. नानांनी त्याला पाहिलं आणि मान खाली घातली, ती मला निरोप देईपर्यंत वर केली नाही.

फाट्यावर एसटी येताना ते म्हणाले, "चाळीस वरीस लोके माले राम राम करेत. बंदूक तुनी मामी वाजाडे. मी नुसता चाप ओढू." मग तिन्ही गारा माझ्या हातात ठेवल्या. "लई जाय."

आता त्या माझ्या टेबलावर आहेत. तिन्ही चांगल्या, उन्हात धरल्या तर कडेतून उजेड येतो. मी त्यांना हात लावत नाही. मामीने बारागाड्या कधी पाहिल्या नाहीत. त्या दिवशी घरात पाहुण्यांचा स्वयंपाक असायचा. लांबून बार ऐकू आला की ती कान देऊन म्हणायची, "वाजनी," आणि पुरणपोळीसाठी मातीचं खापर चुलीवर ठेवायची.