डॉक्टर म्हणाले, आधी तुम्ही जेवा

डॉक्टरांनी काचेच्या नळीत एक निळं औषध घेतलं, त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं झालं आणि बघता बघता पार विटकरी. मला वाटलं, बरा रंग आला. मी हसलेसुद्धा. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

"गोदाबाई, तुम्हाला डायबेटिस आहे," ते म्हणाले.

डायबेटिस म्हणजे मधुमेह. खाल्लेल्या अन्नाची साखर अंगी न लागता रक्तात फिरत राहते आणि लघवीवाटे बाहेर पडते. हे सगळं त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं. मी गेले होते मानेवरचं गळू दाखवायला. ते बरंच होत नव्हतं. आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावहून वाशीमला मोटारीनं जायचं, गळू कापून घ्यायचं आणि संध्याकाळी परत, एवढाच बेत होता. गळू कापलं, पट्टी बांधली, आणि वर हे नवीन लचांड गळ्यात पडलं.

"हे गळू मी बरं करीन," डॉक्टर म्हणाले. "पण साखर अशीच राहिली तर पुढचं बरं होईलच असं नाही. शिवाय वजन उतरवा. नाहीतर वर्षभरात अंथरूण धराल. पथ्य नीट पाळलंत तर कदाचित इन्सुलिनची सुईसुद्धा लागायची नाही. खाणं कमी करा."

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. आमचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, मेथी, कांदे, मिरच्या, आणि पलीकडे ज्वारीचं वावर. घर भरलेलं, खाणारी तोंडं पुष्कळ. मी मराठी चौथी शिकलेली, म्हणून हे लिहिते आहे. ज्या बायांना डॉक्टरांनी असंच काही सांगितलं असेल आणि ज्या घरी येऊन पदराआड रडल्या असतील, त्यांच्यासाठी.

मीही रडले. कारण त्याच आठवड्यात लेकीच्या सासरहून, धनजहून, निरोप आला होता की आमच्या कमळीला दिवस गेले आहेत. कमळी माझी एकुलती एक लेक. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्या हातून. तिला तेल लावायचं, शेक द्यायचा, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं. आणि मी तर पाटावर बसले की भिंतीला धरल्याशिवाय उठत नव्हते. न्हाणीपर्यंत चालले तरी भात्यासारखा श्वास व्हायचा.

आमच्या मोठ्या जाऊबाई कधी शब्द चघळत बसत नाहीत. त्या म्हणाल्या, "तुले बसवाले दोन माणसं लागतात अन् उठवाले चार. बाळाले मी न्हाऊ घालीन. तू खाटेवरून पाह्यजो."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. मी मनाशी ठरवलं की माझ्या नातवाला पहिलं पाणी माझ्याच हातचं लागेल. मग त्यासाठी काय वाटेल ते सोडावं लागलं तरी चालेल.

आता माझ्या खाण्याबद्दल सांगते. मी खादाड आहे असं कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते. मी कधी पंगतीत मागून घेतलं नाही. पण घरातल्या सगळ्यांचं जेवण झालं की मी बसायची, आणि जे उरेल ते माझं. भात उरला, माझा. वरण उरलं, माझं. पोराच्या ताटातली अर्धी पोळी, म्हाताऱ्यानं न खाल्लेला वडा, सकाळची शिळी भाकर, सगळं माझं. अन्न टाकायचं नाही हे आईनं शिकवलेलं. त्यामुळे माझं पोट म्हणजे घराचं कोठार झालं होतं. शिवाय काम करताना तोंडात गुळाचा खडा असायचाच. तो खाण्यात धरायचा असतो हे मला माहीतच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले होते, खाणं कमी करा. खाणं कमी करायचा आम्हा बायांना एकच रस्ता ठाऊक. उपास! आणि समोर श्रावण होता. देवही खूष, डॉक्टरही खूष. सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी तर मी धरतच होते. त्यात गुरुवार घातला, मग शुक्रवार घातला. आठवड्यातून दोन-तीन दिवस जेवायची, त्यातलाही एखादा सणाचा निघायचा.

गळवाची जखम भरून आली. मी मोठ्या ऐटीत वाशीमला गेले. आमचे मालक सोबत होतेच. नळीत निळं औषध पडलं, दिव्यावर धरलं, आणि पुन्हा विटकरी. मागच्यापेक्षा गडदच. काट्यावर उभी केली तर वजनही वाढलेलं.

"काय खाता हल्ली?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही साहेब. सगळे उपास."

"उपासाला काय असतं?"

मी सांगितलं. भगर, शेंगदाण्याची आमटी, शिंगाड्याचा शिरा, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली रताळी, केळी. उपासानं अशक्तपणा येऊ नये म्हणून मध्ये गूळ-शेंगदाणे. सांगता सांगता मलाच तोंडाला पाणी सुटलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पोट धरून हसले. "बाई, तुमचा उपास देवाला पोचला असेल. तुमच्या लघवीला काही कळला नाही."

मग त्यांनी स्टार्च म्हणजे काय ते सांगितलं. स्टार्च म्हणजे पिठूळ अंश. भगर, शिंगाडा, रताळं, भात, सगळ्यांत तो असतो आणि पोटात गेला की त्याची साखरच होते. देवाच्या नावानं खाल्लं म्हणून ती होणं थांबत नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण मी शंभरदा दुसऱ्यांना ऐकवली होती. स्वतःला कधी ऐकवली नव्हती.

"सगळ्यांच्या शेवटी जेवता ना?" त्यांनी विचारलं. "ते बंद. आधी तुमचं ताट वाढून घ्या. अर्धी भाकरी, मळ्यातली भाजी भरपूर, थोडं वरण, ताक. ते संपलं की तुमचं जेवण संपलं. मग घरात काय उरलं ते तुम्ही बघायचं नाही. गूळ बंद. आणि रोज फिरायला जा."

"नवऱ्याच्या आधी जेवू?"

"नवऱ्याला डायबेटिस नाही," डॉक्टर म्हणाले.

मालक हे सगळं ऐकत होते. परतताना मोटारीत ते तोंड फिरवून बाहेर बघत राहिले. मला वाटलं, राग आला. संध्याकाळी मळ्यातून आले, पाय धुतले, पण पाटावर बसले नाहीत. चुलीजवळ येऊन म्हणाले, "तू जेव. मंग मी बसतो."

त्या दिवशी मी ताट वाढून घेतलं. भिंतीकडे तोंड करून बसले. बाहेर ओसरीवर उपाशी पुरुष आणि आत मी एकटी जेवते आहे, असं जन्मात कधी झालं नव्हतं. लाजेनं कान तापले. जाऊबाई म्हणाल्या, "आता हेच पाहाचं राह्यलं होतं!" आणि दुसऱ्या क्षणी त्याच उठल्या. "थांब, दार लोटून घेतो. लोक पाह्यतीन."

रोज माझं ताट वाढलं की त्या दार लोटून घ्यायच्या. बडबड चालूच असायची, पण दार लोटायला त्या एकदाही विसरल्या नाहीत. त्यांचं हे ऋण मी विसरणार नाही. उरलेलं अन्न म्हशीच्या टोपल्यात जाऊ लागलं. माझी जागा म्हशीनं घेतली आणि तिचं दूध वाढलं.

खाण्याचं असं मार्गी लागलं, पण फिरण्याचं काही जमेना. आमच्या गावात बाईमाणूस घराबाहेर पडलं की त्याला काम असतं. पाणी, धुणं, दळण, बाजार, देऊळ. नुसतं फिरायचं म्हणजे काय? पहिल्या दिवशी गल्लीत एका पोरीनं विचारलं, "कुठी चालल्या काकू?" मी खरं सांगितलं, "फिराले." तर ती पोरगी पदर तोंडात धरून हसली. दुसऱ्या दिवशी मी काम शोधूनच निघाले. कुणाकडे विरजण मागायला, कुणाच्या सासूची तब्येत पाहायला.

आणि तिथंच फसले. आपल्याकडे सवाष्ण दारात आली की तिला रिकाम्या तोंडी पाठवत नाहीत. कुंकू लावलं की हातावर काहीतरी आलंच. त्यात भाद्रपद, घरोघरी महालक्ष्म्या. एका घरी पुरणाचा घास, दुसऱ्या घरी करंजी, तिसऱ्या घरी लाडू. डॉक्टरांचं नाव सांगितलं तर म्हणत, "परसादानं काय होते? एवढासाच तं हाय." असे चार एवढेसे मिळून माझं एक ताट व्हायचं. फिरून आले की मी निघताना होते त्याहून जड होऊन यायची.

शेवटी मालकांनीच तोडगा काढला. ज्वारीचे दाणे दुधात आले होते आणि पाखरांचे थवेच्या थवे उतरत होते.

"गावातून कायले फिरतं?" ते म्हणाले. "वावरात ये. पाखरं मायंदळ येऊन राह्यली, त्यायले हाकल. पण मचाणावर बसू नोको. बांधानं फिर."

हे छान झालं. राखणीला निघालेल्या बाईला कुणी कुठी चालल्या म्हणून विचारत नाही. बांधावर लाडू द्यायलाही कुणी नसतं.

पण खरं सांगते, पहिले दिवस फार वाईट गेले. एक बांध चालून मी मटकन खाली बसले. पाय भरून आले, घाम निथळला, आणि पाखरं माझ्यासमोर खुशाल कणसं फोडत बसली. मला वाटायचं, आधी अंगात ताकद येऊ द्या, मग फिरीन. तशी वाट पाहिली असती तर आजही वाटच पाहत असते. ताकद आधी येत नाही, चालल्यावर मागून येते. सकाळची पहिली मोट बैलांना जड जाते आणि नंतर ते आपोआप लयीत येतात, तसंच आहे. पण ती पहिली मोट आपणच ओढायची असते.

हळूहळू एका बांधाचे दोन झाले. मग पूर्ण वावराला वळसा. गोफण फिरवायला शिकले. पहिला दगड पाखरांना सोडून मालकांच्या पायाशी पडला. नंतर मात्र नेम बरा बसू लागला. ओरडायची तर अशी की पलीकडच्या वावरातली पाखरंही उठावीत. मालक म्हणायचे, "गोट्याले नाही, तुह्या आवाजाले भेतात." इतकं मोठ्यानं मी लग्नानंतर कधी ओरडले नव्हते. फार बरं वाटायचं. घरी येऊन गाढ झोप लागायची, आणि सकाळी उठताना अंग दगडासारखं न वाटता आपलं वाटायचं.

चुका झाल्या नाहीत असं नाही. हुरड्याच्या दिवसांत एका संध्याकाळी सगळे शेकोटीभोवती बसले आणि गरम हुरड्याबरोबर गूळ पुढे आला. मी खाल्ला, चांगला दोन मुठी. दुसऱ्या दिवशी तोंड लपवून बसावंसं वाटलं. मालकांनी फक्त गोफण आणून हातात दिली. तुमच्या हातूनही अशी चूक होईल. झाली तर एक दिवस वाईट वाटू द्या, दुसऱ्या दिवशी परत बांधावर जा.

दिवाळीनंतर वाशीमला गेले तेव्हा नळी हिरवी झाली. डॉक्टर म्हणाले, "रस्ता बरोबर आहे." ज्वारी कापून झाली, पाखरं गेली, तरी मी मोकळ्या वावराला वळसे घालतच होते. आता मला कुणी हसलं तरी ऐकू येत नव्हतं. संक्रांतीला लोकांच्या हातचा तिळगूळ घेतला, एक तीळ जिभेवर ठेवला आणि बाकीचा पोरांना वाटला. त्यानंतरच्या खेपेला दिव्यावर धरलेली नळी निळीच्या निळी राहिली. डॉक्टरांनी ती मालकांना दाखवली, कंपाउंडरला दाखवली आणि मग पुन्हा एकदा मला दाखवली. त्या माणसाला माझ्याइतकाच आनंद झाला होता.

एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली होती, ती तुम्हालाही सांगते. प्रत्येकाचा मधुमेह वेगळा. वाळत चाललेल्या माणसाला, लहान पोरांना सुई लागतेच. त्यांनी माझं ऐकून डॉक्टर सोडू नये. मीही सोडलेले नाहीत. साखर बरी झाली असं ते म्हणत नाहीत, ताब्यात आहे म्हणतात.

कमळी संक्रांतीच्या आधीच, सातव्या महिन्यात आली. तिनं मला दारात पाहिलं आणि आधी ओळखलंच नाही. मग गळ्यात पडून रडली. "आई, तू आजारी हाय का वं? किती वाळली!" तिला सगळं सांगेपर्यंत रात्र झाली.

माघात तिला मुलगी झाली. डिंकाचे लाडू मी वळले आणि एकही तोंडात टाकला नाही. जाऊबाई चव घ्यायला होत्याच.

बाळाच्या पहिल्या न्हाणाला जाऊबाईंनी पाणी विसणलं, पाट मांडला आणि बाजूला झाल्या. मी बसले, पाय लांब केले, आणि कमळीनं पोर माझ्या पायांवर पालथी घातली. इवलीशी पाठ, आमच्याच वळणाची. तेलानं चोळली, कोमट पाणी घातलं, आणि पोरीनं असा टाहो फोडला की ओसरीवर बसलेले मालक हसू लागले. माझ्या डोळ्यांतलं पाणी त्या पाण्यात मिसळून गेलं ते कुणाला दिसलं नाही. पोरीला पंच्यात गुंडाळली, छातीशी धरली.

मला उठवायला कमळीनं हात पुढे केला. जाऊबाईही दोन पावलं पुढे आल्या. तोवर मी पाय दुमडले होते, आणि पोरीला घेऊन उभीसुद्धा राहिले होते. भिंत नाही, खांब नाही. कमळीचा हात तसाच पुढे होता. मी त्यात तिची लेक ठेवली आणि चुलीवरचं दूध उतरवायला गेले.