शनिवारी आर्लिस घरीच होता

डेल्फा लेडफर्डच्या दारातून कुणी उपाशी गेलं, असं आमच्या खोऱ्यात कुणी सांगणार नाही. विम्याचा माणूस, वाट चुकलेले ट्रकवाले, मतं मागायला आलेले दोन्ही पक्षांचे लोक, सगळ्यांनी तिच्या ओसरीवर बसून काही ना काही खाल्लेलं आहे. त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका सोमवारी दोन सरकारी माणसं पायऱ्या चढून वर आली, तेव्हा तिने तेच केलं जे तिच्या आईने आणि आजीने केलं असतं. खुर्च्या पुढे ओढल्या, कॉफी ठेवली आणि सुक्या सफरचंदांचा थरांचा केक कापला.

एक जण अभयारण्याच्या गणवेशात होता, दुसरा साध्या कोटात. केकचं कौतुक झालं, आईची चौकशी झाली. आई, म्हणजे झेला, नव्वदी ओलांडलेली, आतल्या खोलीत पलंगावर. मग कोटवाल्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "परवा शनिवारी तुमचा भाऊ कुठे होता हो?"

"आर्लिस? इथेच होता. दिवसभर. ह्याच खुर्चीवर बसून," डेल्फा म्हणाली आणि त्याला केकचा दुसरा तुकडा वाढला.

आर्लिस त्या शनिवारी अंधार पडल्यावर आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल आणि खांद्यावर पोतं. पोत्यात जिनसेंगची मुळं, औषधाला महाग विकली जाणारी. ती त्याने अभयारण्यातल्या उतारावरून, जिथे खणायला बंदी आहे तिथून, खणून आणली होती. डेल्फाने पोतं पाहिलं होतं, त्याला हातपाय धुवायला लावून जेवायला वाढलं होतं. दर शनिवारी तो तिच्याकडेच जेवतो.

आता हा उतार सरकारचा कसा, हे आमच्याकडे कुणाला विचारू नये, संध्याकाळ जाते. तो डेल्फाच्या आजोबांचा होता. झेला तिथेच जन्मली. अभयारण्य करायचं ठरलं तेव्हा सरकारने घरं, सफरचंदाची झाडं, थडगी, सगळं घेतलं आणि हातावर थोडे पैसे टेकवले. आर्लिस म्हणतो, मी आजोबांच्या परसात खणतो. खणलेल्या खड्ड्यात लाल बिया पुरल्याशिवाय तो पुढे जात नाही, हेही खरं. पण म्हणून तो साधू नव्हे. मुळं तो विकतो, आणि भाव चांगला येतो.

सरकारच्या माणसांना हे सगळं आधीच ठाऊक होतं. चोरीची मुळं ओळखता यावीत म्हणून त्या उतारावरच्या मुळांना त्यांनी मातीखाली रंग लावून ठेवला होता, आणि एका झाडावरच्या कॅमेऱ्यात शनिवारी भरदुपारी आर्लिस पोत्यासकट उमटला होता. उत्तर खिशात घालून ते प्रश्न विचारायला आले होते. केकचे मात्र दोघांनी दोन-दोन तुकडे खाल्ले. मला त्याचाच जास्त राग येतो.

कायद्याची तऱ्हा अशी की अभयारण्यात खणलं तर जास्तीत जास्त सहा महिने, आणि खणणाऱ्याबद्दल सरकारी माणसाशी खोटं बोललं तर पाच वर्षांपर्यंत. आर्लिसने गुन्हा कबूल केला, हिवाळ्यात दोन महिने आत बसून आला. डेल्फावर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात खटला उभा राहिला. पहिल्या दिवशी कारकुनाने मोठ्याने वाचलं, अमेरिकेची संयुक्त संस्थानं विरुद्ध डेल्फा लेडफर्ड.

"एवढा मोठा देश, आणि इकडून मी एकटी?" तिने शेजारी उभ्या असलेल्या बाईला विचारलं.

"एकटी कशी? मी आहे ना. दोघी आहोत आपण," ती बाई म्हणाली.

ही मिस प्रायर, कोर्टाने फुकट नेमून दिलेली वकील. फुकटचा वकील म्हटल्यावर डेल्फाने आशा सोडली होती, पण ही बाई कामाला वाघीण निघाली. डोंगर चढून घरी आली, स्वयंपाकघरात बसली, आणि आधी तिला चांगलं झापलं.

"त्यांना आत कशाला घेतलंत, मिसेस लेडफर्ड?"

"दारात आलेल्या माणसाला काय हाकलून देऊ?"

"दार लावून घ्यायचं. 'माझ्या वकिलाशी बोला' म्हणायचं."

"तेव्हा कुठे वकील होता मला? आणि त्यांनी केक खाल्ला की माझा!"

"केक खाल्ला म्हणून कुणी साक्ष द्यायचं थांबत नाही." वकीलबाईंनी स्वतःच्या पुढ्यातला तुकडा बाजूला सारला, मग पुन्हा जवळ ओढला. "आता नीट ऐका. तुमचं म्हणणं चुकीचं होतं, एवढ्याने त्यांचं भागत नाही. ते खोटं आहे हे ठाऊक असून तुम्ही बोललात, हे त्यांना सिद्ध करावं लागेल. आर्लिस दर शनिवारी इथे येतो. ध्वनिमुद्रण नाही, फक्त एका अधिकाऱ्याचं टिपण आहे. एका शनिवारची दुसऱ्या शनिवाराशी गल्लत कुणाचीही होऊ शकते. बारा ज्यूरींपैकी कुणाला तसं वाटलं तर—"

"पण मला तर—"

"थांबा!" वकीलबाईंनी हात वर केला. "मी विचारलेलं नाही. तुम्ही सांगू नका. मी कोर्टात खोटं मांडणार नाही आणि तुम्हाला मांडू देणार नाही. त्यांचं काम त्यांनाच करू दे. तुम्ही फक्त गप्प बसायचं. शेजारीपाजारी, फोनवर, भावाशीसुद्धा, अवाक्षर नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असा हा सगळा बचाव होता. आणि चांगला होता. सरकारी वकिलालाही ते कळत असणार, कारण महिन्याभरात त्याचा निरोप आला. आर्लिसने गेल्या दहा वर्षांत कुठून काय खणलं आणि कुणाला विकलं, ते डेल्फाने कोर्टात सांगावं, तिच्यावरचा खटला काढून घेऊ.

आर्लिस तुरुंगातून सुटून आला होता. तो म्हणाला, "घे की! माझं काय, आणखी वर्ष-दोन वर्षं बसेन. आईला बघायला तू पाहिजेस. मला तिची कूससुद्धा बदलता येत नाही."

"तुझ्याविरुद्ध उभी राहून साक्ष देऊ? वर गेल्यावर बापाला काय तोंड दाखवू?"

"बाप काय बोलणारे? तोही खणायचाच."

"गप जेव," डेल्फा म्हणाली. विषय संपला. तिने नाही म्हणून कळवलं.

मे महिना आला. आमच्या देवळात, म्हणजे डोंगरातल्या छोट्या चर्चमध्ये, वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या एका रविवारी, पाय धुवायचा विधी असतो; येशूने शिष्यांचे धुतले तसे. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. कमरेला लांब टॉवेल बांधून एकीने दुसरीचे पाय धुवायचे, मग दुसरीने पहिलीचे. आणि त्याआधी ज्याच्या मनात काही सलत असेल त्याने उभं राहून सगळ्यांदेखत सांगून टाकायचं. तसं न करता पाय पाण्यात घालणं म्हणजे देवाला फसवणं. हे आम्हाला लहानपणापासून दुधाबरोबर पाजलेलं असतं. मिस प्रायर शहरातली. तिने शेजारी, फोन, भाऊ सगळं मोजलं, पण देऊळ तिच्या ध्यानातच आलं नाही.

तिसऱ्या बाकाशेजारी तिकाटण्यावर एक फोन लावलेला असायचा. त्यातून उपासना घरी पडून असलेल्या म्हाताऱ्यांना दिसायची. तो फोन लागावा म्हणून दोन वर्षांपूर्वी डेल्फानेच देवळाचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळातल्या बंधू हॉबर्टच्या मागे भुणभुण लावली होती. आईला पलंगावरून देऊळ दिसावं, एवढंच तिचं म्हणणं. त्या रविवारीही निघताना तिने आईच्या मांडीवर टॅब्लेट ठेवला आणि उशी सारखी केली.

भगिनी व्हर्ना घमेलं घेऊन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. पाण्यातून वाफ येत होती. डेल्फाने बूट काढले, मोजे काढले, आणि पाय उचलेनात. गेले कितीतरी महिने ती शब्द तोंडात धरून होती. व्हर्ना हळूच म्हणाली, "घाल गं, पाणी निवेल." तशी डेल्फा अनवाणी उठून उभी राहिली.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "त्या शनिवारी आर्लिस घरी नव्हता. मला माहीत होतं. माहीत असून मी त्या माणसांच्या तोंडावर खोटं बोलले. देवाने आणि तुम्ही मला माफ करावं."

बाया रडल्या, तिला कवटाळलं, कुणीतरी गाणं सुरू केलं. व्हर्नाने तिचे पाय धुतले. ती घरी आली तेव्हा आई जागीच होती. "ऐकलं मी," झेला म्हणाली. "बरं वाटलं का आता?" "वाटलं." "तुझा बाप ह्याच सरकारशी जन्मभर खोटं बोलला गं, आणि स्वतःच्या पलंगावर मेला." मग तिने हात पुढे केला आणि डेल्फाचा हात बराच वेळ धरून ठेवला. डेल्फा त्या रात्री गाढ झोपली.

चहाडी कुणीच केली नाही. करायची गरजच नव्हती. देवळाची ती चित्रफीत इंटरनेटवर कुणालाही उघडून बघता येत होती, आणि सरकारी वकिलाच्या माणसाने बघितली.

मिस प्रायरने तिला कचेरीत बोलावलं आणि संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. अनवाणी उभ्या असलेल्या स्वतःला डेल्फाने शेवटपर्यंत पाहिलं.

"हे काय केलंत, डेल्फा?" आज पहिल्यांदाच तिने मिसेस लेडफर्ड म्हटलं नाही.

"पाय धुवायचा रविवार होता."

"मी सांगितलं होतं ना, कुणाला सांगायचं नाही म्हणून?"

"तुम्ही माणसांना सांगू नका म्हणालात. मी देवाला सांगत होते."

"आणि देवाला मनातल्या मनात ऐकू येत नाही का हो?"

"येतं," डेल्फा म्हणाली. "पण आमच्यात उभं राहून सांगावं लागतं."

वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या रागावल्या होत्या की रडत होत्या, ते डेल्फाला कळलं नाही. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच, पण तो धोंडा तिने किती पवित्र मनाने उचलला होता, हे कुठल्या कायद्याच्या पुस्तकात लिहायला जागा नसते.

आता लढायला काही उरलं नाही. डेल्फाने गुन्हा कबूल केला. शिक्षेच्या दिवशी मिस प्रायरने जीव तोडून सांगितलं, ह्या बाईचं वय बघा, अंथरुणावरची आई बघा, घरातच नजरकैदेत ठेवा. न्यायाधीश सभ्य माणूस होता. तो म्हणाला, कबुलीबद्दल मला आदर आहे, पण ती देवळात आली, आमच्याकडे नाही, आणि तीही सात महिन्यांनी. तपास अधिकाऱ्यांना बिनदिक्कत फसवता येतं असा अर्थ निघायला नको. चार महिने. टेबलाखाली वकीलबाईंनी डेल्फाचा हात घट्ट दाबला. खणणाऱ्याला दोन, त्याला जेवू घालणारीला चार.

ऑक्टोबरात मिस प्रायरच तिला स्वतःच्या गाडीतून बायकांच्या तुरुंगाच्या फाटकापर्यंत सोडून आली.

आर्लिसने आईला सांभाळायचा प्रयत्न केला. डोंगर उपटणारा गडी, पण म्हातारीला उचलायचं तंत्र वेगळं असतं. दुसऱ्याच आठवड्यात झेला त्याच्या हातून निसटून पडली, खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून तिला तालुक्याच्या शुश्रूषागृहात नेलं. तिथे तिला ना पलंग ओळखीचा, ना खिडकी, ना माणसं. डिसेंबरपर्यंत ती आर्लिसलाही ओळखेनाशी झाली.

डेल्फा फेब्रुवारीत सुटली, ती बसमधून थेट तिथेच गेली. येताना तिने दुकानातून एक घमेलं आणि टॉवेल घेतला होता. आई विधीला देवळात जायची बंद झाल्यापासून दर मे महिन्यात ती घरी तिचे पाय धुवायची. गेल्या मे महिन्यातलं मात्र खटल्याच्या काळजीत राहून गेलं होतं. तिने नळाचं कोमट पाणी भरलं, पलंगाशी गुडघ्यांवर बसली आणि ते नुसती हाडं उरलेले पाय हातात घेतले.

"नवी आहेस का गं तू?" झेलाने विचारलं.

डेल्फाचा हात थांबला. "हो," ती म्हणाली.

"हात मऊ आहे तुझा. माझ्या डेल्फाचा असाच आहे. ती येणारे मला न्यायला. शनिवारी. कधी आहे गं शनिवार?"

डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं, ह्यांना आता हलवता येणार नाही, घरी तर नाहीच.

"उद्याच आहे," डेल्फा म्हणाली. "येणारे ती."

"आणि आर्लिस? तो असेल ना घरी?"

"असेल. दिवसभर. ओसरीवरच्या खुर्चीवर बसून."

म्हातारीने समाधानाने डोळे मिटले. डेल्फाने एकेक बोट पुसलं, टॉवेल पिळला, पाणी ओतून आली. शनिवार कधी आहे, हे झेलाने नंतर रोज विचारलं, आणि डेल्फाने रोज तेच सांगितलं. एप्रिलच्या शेवटी झेला गेली.

पुढच्या महिन्यात पाय धुवायचा रविवार आला. हॉबर्टने नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला काही सांगायचंय का? व्हर्ना घमेलं घेऊन खाली बसली होती. डेल्फाने बूट काढले, मोजे काढले, पाय पाण्यात ठेवले, आणि गप्प बसून राहिली.