माथ्यावरची रेंज

नोर्ज्मा आमच्या छोट्या दवाखान्याची फिरती डॉक्टरीण; मी तिथे परिचारिका. खरं तर डॉक्टर नव्हे, पण कळपांमागे हलणाऱ्या तीस घरांना मोटरसायकलवरून गाठणारी तीच, म्हणून लोक तसं म्हणतात. तीन वर्षांपूर्वी तिला एक पट्टा आणि टॅब मिळाला. गरोदर बाईच्या पोटाला पट्टा बांधला की बाळाच्या ठोक्यांची रेघ टॅबवर उमटते. रेंज मिळाली की रेघ जिल्ह्याच्या दवाखान्यात जाते, तिथली डॉक्टर बघून उत्तर पाठवते.

तिचं स्वतःचं दुसरं मूल पोटातच गेलं. तेव्हा पट्टा नव्हता. ती हे हवामानाबद्दल बोलावं तसं सांगते.

गोंचिग आजोबांच्या वस्तीला रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर. माथ्यावर ओवो, डोंगराच्या देवाची निळी कापडं बांधलेली दगडांची रास. तिथे बायका जात नाहीत. म्हणून टॅब वर न्यायला नेहमी कुणीतरी पुरुष लागतो.

त्या वसंतात धुळीच्या वादळाने घोडे पांगले होते. पुरुष सगळे त्यांच्या शोधात. वस्तीवर आजोबा आणि त्यांची सून बुज्मा, नववा महिना नुकताच लागलेला. नोर्ज्माने पट्टा बांधला. रेघ मध्येच खाली बसायची, पुन्हा वर यायची.

"काय झालं ताई?" बुज्माने विचारलं.

"पडून राहा. काही खाऊ-पिऊ नकोस, चहासुद्धा नाही."

आजोबांना तिने टॅब दिला. "रेंजच्या चार काड्या दिसल्या की हे निळं बटण दाबा."

"गुडघे माझे, काड्या तुझ्या," ते पुटपुटले आणि टोपी घालून निघाले.

तासाभराने परतले.

"उत्तर काय आलं?"

"उत्तराचं कुठे बोललीस? तीन प्रदक्षिणा घातल्या, दूध शिंपडलं, बटण दाबलं. तिथे काय बसून राहायचं असतं? आणि बायकांच्या गोष्टी मी वाचू?"

दुसऱ्यांदा चढणं आजोबांच्याने होणार नव्हतं. नोर्ज्माने गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या, टोपी घातली, टॅब घेतला.

"डॉक्टरीणबाई, अहो, कुठे?"

"वर."

"ओवो कोपून माझ्या सुनेला काही झालं तर?"

"तर काय, आजोबा?"

आजोबा पाठ वळवून शेळ्यांकडे बघत उभे राहिले.

ओवोपाशी तिने एक दगड ठेवला. प्रदक्षिणा घातली नाही, वेळ नव्हता. उत्तर येऊन पडलं होतं: ठोके मंदावताहेत, बाईला हलवा, दवाखान्याची गाडी निघते आहे, अर्ध्या वाटेत गाठा.

माथ्यावरूनच तिने फोन केला, शेजारच्या वस्तीतली बाई छोटा ट्रक घेऊन आली. बुज्माला गाद्यांवर डाव्या कुशीला झोपवून नोर्ज्मा तिच्या पायाशी बसली. ओढ्यापाशी गाडी भेटली. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोट फाडून मुलगी काढली. दोन किलोची. उशिरा रडली, पण रडली.

मला फोन आला तेव्हा मी बुद्धापुढे तुपाचा दिवा लावला. दुसऱ्या दिवशी नोर्ज्मा आमच्या दवाखान्यात आली, पट्टा धुऊन वाळत घातला, वहीत वजन लिहिलं.

"वर गेलीस म्हणे," मी म्हटलं. "कसं वाटलं?"

"वारा होता."

"आणि मूल वाचलं, त्याचं?"

तिने जरा विचार केला. "अजून काही वाटत नाही गं. वाटेल कदाचित." मग मोटरसायकलला तेल आहे का ते बघायला गेली.

तिने पाप केलं की नाही, हे ठरवणारी मी कोण? उन्हाळ्यात ओवोची पूजा झाली तेव्हा ती बायकांबरोबर पायथ्याशीच उभी होती, दुधाचा वाडगा वर पाठवून. पण पट्ट्याच्या दिवशी ती आता स्वतः चढते. कुणी काही म्हणत नाही. गोंचिग आजोबा तेवढा वेळ डोंगराकडे पाठ करून शेळ्या मोजत बसतात, आणि ती खाली उतरली की विचारतात, "उत्तर आलं ना?"