अरबाबच्या मळ्यावरची पवनचक्की

बायको जाऊन वर्ष झालं. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून लिहितोय. शाळा चौथीपर्यंतच, चुकलंमाकलं चालवून घ्या.

सत्तरच्या दशकात मी कतारला गेलो. दोह्यापासून लांब, एका अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या मळ्यावर पंप सांभाळायला. गाववाले दोह्यातल्या नजमा वस्तीत एकेका खोलीत दाटीनं राहायचे. मला मळ्यावर खोली होती. पुढं अरबाबनं मळ्यावरच्या गड्यांच्या स्वैपाकाला म्हणून माझ्या बायकोचा व्हिसा काढला. आमचा संसार खरा तिथंच सुरू झाला.

विहिरीवर पवनचक्की होती. वारा असेल तेवढं पाणी टाकीत पडायचं, बेतानं. बायकोनं खोलीमागं मेथीचा वाफा केला. चक्की सारखी करकरायची. ग्रीस मारतो म्हटलं की ती म्हणायची, "राहू द्या हो. घरात म्हातारं माणूस असल्यागत वाटतं."

मग तेलाला भाव आला. सरकारनं शेतीला पंप फुकट दिले, डिझेलही फुकटच म्हणायचं. अरबाब खूश. "चक्की खलास. अब ये चलाव." दिवसभर इंजिन ठोकायचं, पाणी पाटातून उतू जाऊन वाळूत मुरायचं. फुकटचं कोण बंद करतो?

बायको म्हणाली, "अहो, आपल्याकडं विहीर एवढी उपसली की चिखल लागतो. इथं काय लागंल?"

"समुद्र लागंल," मी चेष्टेनं म्हणालो.

लागलाच. पाणी मचूळ झालं, मेथी कडेनं करपली. एका सकाळी तिनं चहात दूध ओतलं आणि चहा फाटला.

त्यातच तेलाचा भाव पडला. फुकटचं डिझेल थांबलं. मळा परवडत नाही, असं अरबाब बोलायला लागला. मळा गेला की बायकोचा व्हिसा जाणार. मी म्हटलं, चक्की चालू करतो, वाऱ्याला डिझेल लागत नाही, आणि बेतानं उपसलं तर पाणीही परत गोडं होईल. अरबाब म्हणाला, "चलाव. पानी मीठा आया तो रुको. नहीं तो दोनों खलास, मळा भी, व्हिसा भी."

चामड्याचं वायसर बदललं, ग्रीस मारलं. वारा सुटला, चक्की न करकरता फिरली. पाणी आलं. बायकोनं त्याच पाण्याचा चहा ठेवला. अरबाब खोलीच्या दारात उभा. मी पातेल्याकडं बघितलंच नाही, तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. तिनं एक कप स्वतः घेतला, सगळा प्यायली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "अच्छा है. एकदम मीठा."

अरबाबनं पातेल्यात डोकावलं. वर दुधाच्या गाठी तरंगत होत्या. तो रागावला नाही. हळू म्हणाला, "बहन, अच्छा नहीं है."

महिन्याभरात ती गावाकडं गेली. मी नजम्यातल्या खोलीत, भिंतीकडंच्या खाटेवर. त्यानंतर सुट्टीपुरता नवरा झालो. सलग एका छपराखाली पुन्हा राहिलो ते ती अंथरुणाला खिळली तेव्हाच.